हीटर अडकला तेव्हापासून : प्रवाळांच्या टँकच्या नोंदी, जुलै ते नोव्हेंबर २०२४

७ जुलै २०२४, रविवार, रात्री ११.४०

पोकोनोजहून परतलो. दार उघडताच वास. समुद्राचा नव्हे, ओहोटीनंतर खडपात अडकून पडलेल्या पाण्याचा. बाबा मालवणचे, त्यांनी बॅग खाली ठेवायच्या आधीच सांगितलं, "कायतरी कुसलाहा गो."

टँकचं तापमान ३१.८ अंश सेल्सिअस. असायला हवं २५.६. हीटरचा लाल दिवा पेटलेला, डायल मात्र जागच्या जागी. आतला थर्मोस्टॅट 'चालू'वरच चिकटून बसलाय. गुरुवारी सकाळी निघालो होतो, चार दिवसांत नेमका कधी अडकला ते कळायला मार्ग नाही. वीज वाचवायला एसी २८ वर ठेवून गेले, तेही नडलं.

जिलबी आणि बुंदी (क्लाउनफिशची जोडी, नावं लेकीने ठेवलेली) वर येऊन धापा टाकतायत. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पावरहेडचं (पाणी ढवळणाऱ्या छोट्या पंपाचं) तोंड वर वळवून पृष्ठभाग खळखळता केला, हीटर उपटला, झाकणाची जाळी काढून टेबलफॅन लावला. बर्फाच्या पिशव्या सोडायचा मोह आवरला. तापमान झटक्यात उतरवणं हा दुसरा धक्का. सकाळपर्यंत दोन अंश उतरले तरी पुरे. दिव्यांचा टायमर बंद.

८ जुलै, सोमवार

सकाळी २९.६. ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं. खोटं म्हणता येणार नाही.

वासाचं मूळ सापडलं : दोन टर्बो गोगलगायी दगडामागे मेलेल्या. अमोनिया ०.५ पीपीएम. मासे आणि क्लीनर कोळंबी शाबूत.

प्रवाळांची पाहणी. गुलाबी बर्ड्सनेस्ट (चार वर्षांचा, टँकमधला सगळ्यात मोठा) दुधासारखा पांढरा. केशरी ताटलीचा मॉन्टिपोरा पांढरा, कडेला पिवळट. अ‍ॅक्रोपोराची टोकं फिकट निळी, बुडाशी बोटभर पट्टा अगदी चुन्यासारखा. टॉर्च नावाच्या प्रवाळाच्या तिन्ही तोंडांनी बोटं आत ओढून घेतलीत. हॅमर आणि डंकन मिटलेले. लेदरने मान टाकलीय. झोआंची मूठ बंद.

पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे, हे स्वतःलाच पुन्हा सांगण्यासाठी लिहून ठेवते. प्रवाळाचा रंग बराचसा त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो. उष्णता वाढली की या शैवालाचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं, त्यातून पेशींना जाळणारे प्राणवायूचे रेणू तयार होतात आणि प्रवाळ भाडेकरूला घराबाहेर काढतं. मांस शिल्लक असतं, फक्त काचेसारखं पारदर्शक, म्हणून आतला सांगाडा पांढरा दिसतो. अडचण एवढीच की हा भाडेकरू भाड्यापोटी घरमालकाच्या गरजेची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा देत असतो. आता घरात चूल बंद.

रात्री दिवे घालवून हातातली बॅटरी आणि बाबांच्या पोथीचं भिंग घेऊन बसले. मॉन्टिपोरावर टाचणीच्या डोक्याएवढे पॉलिप (प्रवाळाचे चिमुकले जीव) दिसले. पारदर्शक, पण हलणारे. बर्ड्सनेस्टवर काही दिसलं नाही.

दुपारी अमोनियासाठी ४० टक्के पाणी बदललं.

(नंतर, निळ्या शाईने : हीच ती चूक. १० जुलै पाहा.)

९ जुलै, मंगळवार

बर्ड्सनेस्ट गेला. उकडलेल्या बटाट्याची साल सुटावी तसं मांस फांद्यांवरून सुटलं आणि प्रवाहात चिंध्या तरंगायला लागल्या. सकाळी सातला सुरू झालं, दुपारी दोनपर्यंत सगळा सांगाडा उघडा. चिंध्या सायफनने ओढून घेतल्या, नाहीतर त्याच पुन्हा अमोनिया वाढवतात.

तापमान २६.४. अमोनिया शून्याजवळ. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ९.८ डीकेएच. ९.८?

बाबा मिठाची बादली उचलून किंमत वाचत होते. "समुद्र अर्ध्या तासावर, नि तू मिठाचे पैशे मोजतंस?" न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनहून रॅरिटनची खाडी खरंच तेवढीच दूर आहे. त्या पाण्यात काय काय मिसळलंय ते सांगितल्यावर गप्प बसले, पण पटलं नाही.

१० जुलै, बुधवार

सकाळी अल्कलिनिटी १०.४. काल दिवसभर डोक्यात घोळत होतं ते आज कागदावर मांडलं.

सुट्टीवर जाण्याआधी टँक ७.६ वर होती. नव्या मिठाची बादली घाईत उघडली आणि तिचं पाणी न मोजता ओतलं. आज मोजलं : ११.५. चाळीस टक्के बदलताना टँक तासाभरात ७.६ वरून ९.२ वर गेली असणार. एका दिवसात अर्ध्या-एक डीकेएचपेक्षा जास्त हलवू नये हे मी चार वर्षं दुसऱ्यांना सांगत आलेय.

त्यात भर डोसिंग पंपाची. सांगाडा बांधायला प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढतात. माझी टँक रोज ०.७ डीकेएच खायची, म्हणून पंप रोज तेवढंच घालतो. पण आजारी प्रवाळ घर बांधत नाही. खप ०.१ वर आलाय आणि पंप आपला इमानेइतबारे ०.७ ओततोय. म्हणजे रोज ०.६ साचणार. ९.२, ९.८, १०.४. हिशोब तंतोतंत जुळतो, आणि म्हणूनच जास्त झोंबतो.

बर्ड्सनेस्ट उष्णतेने गेला की या उडीने, सांगता येणार नाही. तो तसाही नाजूक. पण अमोनिया ०.५ होता, पाच नव्हता. दहा-दहा टक्के करत दोन दिवसांत उतरवता आला असता. हात रिकामे ठेवणं जमलं नाही, एवढंच.

पंप बंद. अल्कलिनिटी खाली आणायला काहीही करायचं नाही, तिची ती उतरेल. दिवे आजपासून पुन्हा चालू, पण मंद. दुकानातून पार मीटर (प्रवाळांच्या कामाचा उजेड मोजणारा) भाड्याने आणला. मॉन्टिपोराच्या दगडावर २०० पडत होते ते ८० केले. शैवाल कमी असताना भर उजेड म्हणजे तापात उन्हात उभं करणं.

फळ्यावर लिहिलं : आठवड्यात एकाच गोष्टीला हात. लेकीने खाली लिहिलं : "आणि तोही धुऊन."

१३ जुलै, शनिवार

आज शस्त्रक्रिया. फळ्यावरचा नियम तिसऱ्याच दिवशी मोडला, पण इलाज नव्हता.

अ‍ॅक्रोपोराचा पांढरा पट्टा बुडापासून वर सरकतोय, रोज साधारण तीन मिलिमीटर. असा सावकाश मांस सोडणारा प्रकार कधी थांबतो, कधी नाही. वाट पाहिली तर काहीच उरणार नाही. सीमेच्या वर सेंटिमीटरभर निरोगी भाग सोडून कटरने फांदी तोडली. काडी मोडल्यासारखा कोरडा आवाज येतो, अंगावर काटा येतो. तीन टोकं मिळाली. सुपरग्लूच्या जेलने तीन सिरॅमिक प्लगांवर बसवली. सगळ्यात मोठं १८ मिलिमीटर.

टॉर्चचं मधलं तोंड जास्त वाईट. काल रात्रीपर्यंत नुसतं मिटलेलं होतं, आज त्यावर तपकिरी लिबलिबीत गोळा. ब्राऊन जेली. पाण्याबाहेर काढल्यावर जो वास आला त्यापुढे गोगलगायी अत्तर वाटतील. ही जेली प्रवाहाने शेजारच्या तोंडावर गेली की तेही जातं, म्हणून आधी पावरहेड बंद केले, टर्की बेस्टरने (स्वयंपाकातल्या मोठ्या पिचकारीने) टँकमध्येच जेली शोषून घेतली आणि मगच दगड हलवला. टॉर्चच्या प्रत्येक तोंडाला खाली स्वतंत्र दांडा असतो. ड्रेमेलच्या फिरत्या पात्याने मांसापासून चांगलं दोन सेंटिमीटर खाली कापलं, बाकीची दोन तोंडं आयोडीनच्या द्रावणात दहा मिनिटं बुडवून परत ठेवली. झोआंचा दगड वाटेत होता, त्यामुळे हातमोजे आणि गॉगल. झोआंच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. ते भयंकर विष आहे, त्याच्याशी चेष्टा नाही.

अल्कलिनिटी १०.१.

१६ जुलै

लेदर कात टाकतोय. मेणकट पापुद्रा, कडेने सुटत चाललेला. नवख्या माणसाला वाटतं सडला. खरं तर हे त्याचं नेहमीचंच. पावरहेडचा झोत थोडा त्याच्याकडे वळवला म्हणजे पापुद्रा वाहून जाईल. बाकी काही नाही.

२१ जुलै, रविवार

अल्कलिनिटी ९.३. खप अजून ०.१. नायट्रेट ८ पीपीएम. फॉस्फेट हॅना चेकर या मापकावर ०.००, दुसऱ्यांदा मोजलं तरी ०.००.

हा दुसरा घोळ मीच सहा महिन्यांपूर्वी करून ठेवलेला. काचेवर शेवाळ नको म्हणून फॉस्फेट शोषणारी जीएफओची दाणेदार पावडर लावली, आणि "स्वच्छ" पाण्याचं कौतुक करत बसले. साउथहॅम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग वीडेनमान यांच्या गटाने २०१३ साली दाखवलं होतं की पाण्यात नायट्रेट आहे पण फॉस्फेटचा दुष्काळ आहे, अशा वेळी प्रवाळ उष्णता आणि उजेडाला लवकर बळी पडतं. पेशीतलं शैवाल नायट्रेटवर वाढत राहतं, पण फॉस्फेटअभावी त्याची आतली पटलं कच्ची राहतात. म्हणजे हीटर अडकण्याआधीच माझी प्रवाळं उपाशी होती. आकडे वहीत होते. मी ते शाबासकी म्हणून वाचत होते.

जीएफओ एकदम न काढता अर्धं केलं, पुढच्या रविवारी उरलेलं. आजपासून खाऊ. डंकन सगळ्यात आधी जेवला : वितळवलेला मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव) पिपेटने बोटांवर सोडला, दहा-बारा सेकंद काही नाही, मग सगळी बोटं मुठीसारखी मिटली. टॉर्चची दोन तोंडं अर्धवट उघडी, त्यांना बारीक चिरून. मॉन्टिपोराचं तोंड इतकं लहान की त्याला रात्री रॉटिफर हे सूक्ष्म जीव, पंप दहा मिनिटं बंद ठेवून.

२५ जुलै

काही केलं नाही.

४ ऑगस्ट, रविवार

अल्कलिनिटी ८.१, फॉस्फेट ०.०४. दुसऱ्या मिठाची बादली आणली. पाणी बदलण्याआधी तिचंही मोजलं, ७.९. आता दर रविवारी दहा टक्के. डोसिंग पंप पाव मात्रेवर सुरू.

बर्ड्सनेस्टच्या सांगाड्यावर हिरवं शेवाळ दाट झालंय. भिंगाशिवायही मेलेलं आणि पांढरं पडलेलं यातला फरक हाच : मेलेल्यावर आठवडाभरात शेवाळ बसतं, जिवंत मांसावर बसू शकत नाही. मॉन्टिपोरा चार आठवडे पांढरा आहे आणि त्यावर हिरवा ठिपकासुद्धा नाही. बाबा रोज चहा घेऊन त्याच्यासमोर बसतात. आज म्हणाले, "मराक नाय ता अजून." निदान म्हणून इतकं नेमकं मीही सांगितलं नसतं.

सांगाडा काढून टाकावा का? राहू दे. जिलबी त्याच्या आत झोपते.

११ ऑगस्ट, रविवार

मॉन्टिपोरा तपकिरी!

केशरी नव्हे, चहाच्या गाळासारखा मळका. लेक हिरमुसली. पण ही चांगली बातमी आहे, शैवाल परत राहायला आलंय. त्याचा स्वतःचा रंग हाच. केशरी, निळा, गुलाबी हे रंग प्रवाळ स्वतः तयार करतं आणि ते पोट भरल्यानंतरचे चोचले. खप ०.२ वर गेलाय, म्हणजे कुणीतरी पुन्हा गवंडीकाम काढलंय.

उजेड आजपासून दर रविवारी दहा पारने वाढवायचा. ८० वरून १८० ला जायला दहा आठवडे, म्हणजे २० ऑक्टोबर. घाई करायची नाही म्हणून तारीख आत्ताच लिहून ठेवली.

अ‍ॅक्रोपोराच्या तीन तुकड्यांपैकी एक गेला. दोन आहेत.

१९ ऑगस्ट

अडकलेल्या हीटरच्या जागी १५० वॉटच्या एकाऐवजी ७५ वॉटचे दोन, आणि दोन्ही बाहेरच्या कंट्रोलरवर. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २६.५ वर, कंट्रोलर २५.६ वर, एक चिकटला तर दुसरा तोडेल, आणि एकटा ७५ वॉटवाला दीडशे लिटर पाणी उकडू शकत नाही. २६.२ ला पंखा सुरू. सगळ्याचा खर्च बर्ड्सनेस्टच्या किमतीहून कमी. हे चार वर्षांपूर्वी का नाही केलं याचं उत्तर माझ्याकडे नाही.

सेन्सर गरम पाण्याच्या कपात बुडवून चाचणी घेतली. दोन्ही हीटर बंद झाले, पंखा लागला. कपात चहा होता. बाबांचा.

२४ ऑगस्ट

यंदा एप्रिलात अमेरिकेच्या नोआ या संस्थेने जगभरातलं चौथं प्रवाळ-विरंजन (प्रवाळं पांढरी पडणं) जाहीर केलं. त्यांचं उष्णता मोजायचं माप असं : त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एक किंवा अधिक अंशाने जितकं तापलं, ते गुणिले आठवडे. बेरीज चारला पोचली की विरंजन ठळक दिसतं, आठला पोचली की प्रवाळ मरायला लागतात. माझ्या टँकचा हिशोब करून पाहिला. सहा अंश, समजा दोन दिवस : बेरीज दोनसुद्धा भरत नाही. तरी एक अख्खा प्रवाळ गेला. हे माप उपग्रहातून दिसणाऱ्या, हळूहळू तापणाऱ्या समुद्रासाठी आहे, काचेच्या पेटीतल्या फोडणीसाठी नाही. शिवाय समुद्रात कुणी हीटरची पिन उपटू शकत नाही.

७ सप्टेंबर, शनिवार, गणेश चतुर्थी

घरात तीसेक माणसं, मोदकांची वाफ, कापूर, उदबत्त्या. टँक २६.३ वर गेली, पंखा आपोआप लागला, अर्ध्या तासात २६. कंट्रोलरची पहिली खरी परीक्षा. धूर ओढू नये म्हणून स्किमरची (फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढली.

मंत्रपुष्पांजलीच्या वेळी एका चिमुरड्याने मूठभर अक्षता टँकमध्ये टाकल्या. भक्ती सर्वव्यापी. कुंकवासकट चिमट्याने एकेक दाणा वेचला. बुंदीने दोन खाऊन थुंकले. रात्री पाच टक्के पाणी बदललं, नियमात बसत नसलं तरी.

खप ०.३. टॉर्चची दोन्ही तोंडं पूर्ण उघडी.

२९ सप्टेंबर, रविवार

सकाळी पोटात गोळा आला. मॉन्टिपोराच्या कडेला सगळीकडे दोन मिलिमीटरची पांढरी किनार. पुन्हा? तापमान २५.६, अल्कलिनिटी ७.९, काहीच हललेलं नाही. उजेड लगेच कमी करायला फोन हातात घेतला होता, तो ठेवला आणि भिंग घेतलं.

किनार उघड्या सांगाड्याची नाही. वर पातळ चकचकीत मांस आहे, त्यात नवी छिद्रं उमटू लागलीत, एकदोनमध्ये पॉलिपसुद्धा. ही वाढीची कड. नव्या मांसात शैवाल अजून पोचायचं असतं म्हणून ती फिकट दिसते. आणि आतल्या बाजूला तपकिरीवर पहिल्यांदाच केशरी झाक.

काही केलं नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

बाबा उद्या निघतात. आज विचारलं, "ह्यातलो एक तुकडो नेव काय मालवणाक?" थट्टेत नव्हे, अगदी मनापासून. नाही म्हणावं लागलं. भारतात प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. शिवाय टणक प्रवाळ देशाबाहेर न्यायला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. इथे दुकानात पंचवीस डॉलरला मिळणारा फ्रॅग (प्रवाळाचा तुकडा) तिथे तुरुंगात नेऊ शकतो, आणि ते योग्यच आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या खडकांवर प्रवाळं आहेत हे बाबांना माहीत आहे; लहानपणी त्यावरच पाय कापून घ्यायचे म्हणे, आणि त्याला "खडप" एवढंच म्हणायचे. जिवंत असतं हे इथे येऊन, पंच्याहत्तराव्या वर्षी, लेकीच्या हॉलमध्ये कळलं.

खप ०.४.

२० ऑक्टोबर, रविवार

ठरल्या तारखेला १८० पार. घर रिकामं वाटतंय. पोथीचं भिंग टँकशेजारीच राहिलं. विसरले की ठेवून गेले, विचारलं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार, रात्री ९.३०

२५.६ अंश. अल्कलिनिटी ७.८, कॅल्शियम ४२०, नायट्रेट ६, फॉस्फेट ०.०७. खप ०.५, आणि बर्ड्सनेस्ट नसताना याहून वर जाईल असं आत्ता तरी वाटत नाही. डोसिंग पंप त्यानुसार लावला.

अ‍ॅक्रोपोराचा मोठा तुकडा १८ चा २३ मिलिमीटर. त्याहून महत्त्वाचं, बुडाशी मांस ग्लूवरून उतरून प्लगच्या सिरॅमिकवर पसरलंय, मेणबत्तीचं मेण ओघळून थिजावं तसं. रंग अजून निळा नाही, फिकट तपकिरी, टोकाला जांभळट ठिपका. धाकटा तुकडा आहे तसा आहे.

मालवणात सकाळचे आठ, बाबांचा व्हिडिओ कॉल. "ता झाड कसा आसा?" झाड नव्हे बाबा, प्राणी. फोन काचेला लावला. दिवे नुकतेच गेले होते आणि सगळे पॉलिप बाहेर आले होते. फोनच्या कॅमेऱ्यात नुसती लव दिसत होती. बाबांनी चष्मा वर सरकवला, म्हणाले, "जरा जवळ घे गो." मी भिंग मध्ये धरलं.